योहानिसबर्गच्या द्राक्षबागेत जाताना: आधी स्वेटर

पासपोर्ट, पाणी, टोपी तुम्ही घ्यालच. स्वेटर घ्या. भर उन्हाळ्यातही घ्या आणि पाठपिशवीत अगदी वर ठेवा. मागच्या खेपेला नेमका तोच राहिला आणि वाइनचं तळघर अर्धवट सोडून वर यावं लागलं.

जर्मनीतला योहानिसबर्गचा हा डोंगर दक्षिणेकडे तोंड करून आहे. एरवी उत्तरेकडे निघालेली ऱ्हाइन इथे पश्चिमेला वळते, टाउनुसच्या डोंगररांगा उत्तरेचा वारा अडवतात, म्हणून ५०व्या अक्षांशावरही रीस्लिंग, म्हणजे पांढऱ्या वाइनची द्राक्षं, चांगली पिकते. तेच ऊन तुमच्या डोक्यावर असतं. तरी गायझनहाइम स्टेशनवरून चालतच चढा, टॅक्सी करू नका. उतार पायांना कळल्याशिवाय ही बाग कळत नाही. वर पोचेपर्यंत शर्ट घामाने भिजतो आणि त्याच ओल्या अंगाने तुम्ही जुन्या दगडी तळघरात उतरता. तिथला गारवा वाइनच्या पिंपांसाठी राखलेला आहे, आपल्यासाठी नाही. स्वेटर!

तळघराची फेरी आधी ठरवा. मनात आलं की उतरलं, असं तिथे चालत नाही. बूट पकड असलेले हवेत. घडांना हात लावायचा नाही, हे सांगावं लागू नये.

इतिहास मात्र वाचून जा, नाहीतर अंगणातला घोडेस्वाराचा पुतळा नुसता फोटोपुरता उरेल. १७१६मध्ये फुल्डा या जर्मन गावच्या मठाधिपतींनी ही जागा घेतली आणि १७२०मध्ये रीस्लिंगची मोठी लागवड केली. तोडणीची परवानगी फुल्डाहून यायची. १७७५मध्ये ती घेऊन येणारा स्वार उशिरा पोचला. तोवर बुरशीने मणी सुरकुतले होते. तरीही तोडणी केली आणि वाइन अप्रतिम निघाली. मुद्दाम उशिरा तोडायची पद्धत, श्पेटलेझे, तिथून रुजली. तो स्वार पाहिल्याशिवाय निघूच नका. १८१६मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने ही जागा आपला मंत्री मेटर्निक याला दिली. १९४२च्या बॉम्बहल्ल्यात वाडा जळला, आजचा पुन्हा बांधलेला आहे.

चव घेण्याआधी पोटभर खा. बाटलीवरच्या लाखेचा रंग बघा: लाल म्हणजे कॅबिनेट ही हलकी वाइन, हिरवी म्हणजे श्पेटलेझे. गाडी चालवणाऱ्याने घोट थुंकायचा. आणि तळघराच्या दारात खाली उतरण्यापूर्वी पिशवी उघडून स्वेटर अंगात घाला, आत गेल्यावर नको.

बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. परतीच्या ट्रेनची वेळ. बस.