बुलबुलचं घरटं तपासताना या चुका टाळा

ठाण्याजवळच्या येऊरच्या पायथ्याला घाणेरीच्या झुडपात बुलबुलचं घरटं सापडलं की नवखा माणूस आधी काय करतो? फांदी वाकवून आत डोकावतो. मीही तेच करायचो. चार दिवसांनी घरटं रिकामं, आणि दोष कावळ्याला.

कावळा पाहत असतोच. म्हणून जाण्याआधी मिनिटभर आजूबाजूला नजर टाका. कावळा किंवा भारद्वाज दिसला तर न थांबता पुढे चालत राहा. घरट्यापाशी जाऊन आल्या वाटेने परतू नका. गवत तुडवलेली, तिथेच संपणारी वाट म्हणजे आयती पाटी. बाजूने जात काठीला बांधलेल्या आरशात अंडी मोजायची आणि पुढून निघून जायचं. वहीत लिहायचं ते लांब गेल्यावर. पाऊस चालू असेल तर जाऊच नका, मादी उठली की अंडी भिजतात.

पिल्लं साधारण बाराव्या दिवशी घरटं सोडतात. नवव्या दिवसापासून मात्र दुर्बिणीतूनच बघा. हात जवळ गेला की ती उड्या टाकतात, आणि पुन्हा आत ठेवली तरी बसत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ रिकाम्या घरट्याचा. अस्तर उसकटलेलं, घरटं कललेलं असेल तर कुणीतरी फस्त केलं हे उघड आहे. पण साप घरटं जसंच्या तसं ठेवून जातो! म्हणून तारीख बघा. पिल्लं सहाच दिवसांची होती, तर ती उडालेली नाहीत. बारा दिवसांची असतील तर चोचीत किडा घेतलेले आईबाप जवळपास आहेत का ते पाहा. काहीच कळलं नाही तर ‘माहीत नाही’ लिहा. माझ्या जुन्या वहीत अशी कितीतरी घरटी बिनदिक्कत ‘यशस्वी’ आहेत.

हिशेबातही फसगत होते. 20 पैकी 10 घरट्यांतून पिल्लं उडाली म्हणून 50 टक्के यश धरू नका. तुम्हाला सापडण्याआधीच मोडलेली घरटी त्यात नाहीतच. हॅरॉल्ड मेफिल्ड या अमेरिकी पक्षी अभ्यासकाने 1961 साली यावर दिवस मोजायची पद्धत सुचवली. सगळ्या घरट्यांवर मिळून 100 दिवस नजर ठेवली, त्यात 5 मोडली, तर रोज टिकण्याची शक्यता 0.95. अंडी ते उड्डाण 25 दिवस धरून 0.95 चा 25 वेळा गुणाकार केला तर शंभरातली जेमतेम 28 घरटी तरतात.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तेव्हा वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरट्याला त्रास देणं शिकारीतच मोडतं. आणि घरट्याचं लोकेशन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. रविवारी तिथे कॅमेरे घेऊन दहाजण उभे असतात.