पोट्टं गेम सोडत नाही? आईबापांनो, या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खेळता खेळता हातातून मोबाईल हिसकावणं. फ्री फायर म्हणा का बीजीएमआय, या मोबाईलवरच्या बंदुकीच्या गेममध्ये पोट्टे चौघं मिळून स्क्वाड करतात आणि त्यातले बाकीचे तिघं बहुतेक वर्गातलेच नाहीतर गावातलेच असतात, गप्पा भांडणं इज्जत सगळं तिथंच. बीजीएमआयची मोठी मॅच अर्धा तास चालते, मधात थांबवता येत नाही, हा उठला की बाकीचे शिव्या घालतात. म्हणून "आत्ताच्या आत्ता ठेव" नका म्हणू, "ही मॅच झाली की जेवायला ये" म्हणा, आणि झाली की खरंच उठवा.

"त्या पोट्ट्यासंग राहू नको" हे तर बिलकुल नको. मैत्री तुटत नाही, फक्त लपते, मग पानठेल्यामागं बसून कोणाच्यातरी हॉटस्पॉटवर खेळणं सुरू. त्यापेक्षा त्या तिघांच्या घरी जाऊन बोला, चारही घरी रात्री 9 नंतर मोबाईल बंद असं ठरलं तर स्क्वाडच जमत नाही, अनोळखी लोकांसंग तेवढी मजा येत नाही. मला हाच उपाय सगळ्यात पटतो, कारण यात कोणाचंच पोरगं एकटं पडत नाही.

घरात बाप "नाही" म्हणते आणि आजी हळूच आपला फोन देते, असं चाललं तर काही उपयोग नाही. कापूस वेचणीच्या दिवसात घरचे सगळे वावरात, पोट्टं शाळेतून येऊन एकटंच, आणि संध्याकाळी थकलेला बाप स्वतःच रील पाहत पडलेला, मग पोरानं बोलावं कोणाशी?

यूपीआयचा पिन पोराला सांगू नका. ई-पीक पाहणी, रिचार्ज, सगळं तोच करून देतो म्हणून पिनही त्यालाच माहीत असतो, अन् गेममधले डायमंड, म्हणजे खेळातलं चलन, घेण्यात खरे पैसे जातात.

सुट्टीत जास्त खेळला म्हणजे लगेच व्यसन नाही हो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यात खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसूनही खेळत राहणं, हे साधारण 12 महिने चाललेलं असावं लागते. तसं वाटलं तर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येते, पोरगा तयार नसला तर आईबापांनी लावला तरी चालते.