आबाजींचं (आजोबांचं) आयुष्य लिहून काढताय? या चुका टाळा

घरात तारीख कुणाला ठाऊक नसते, तिथी मात्र सगळ्यांना पाठ असते. घोळ इथूनच सुरू होतो.

महालयाची तिथी म्हणजे मृत्यूची तिथी नव्हे

"पणजीचं पान नवमीला वाढतात" एवढ्यावर तिचा मृत्यू नवमीला टाकू नका. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला होतं, मग ती कुठल्याही तिथीला गेलेली असो. अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्याचं चतुर्दशीला, तिथीच माहीत नसेल तर सर्वपित्रीला. म्हणून पितृपक्षातल्या या तीन तिथी पुरावा म्हणून धरू नका. वर्षश्राद्ध कोणत्या महिन्यात, कोणत्या पक्षात होतं, ते विचारा.

नागपुरात आणखी एक गोम आहे. इथल्या हिंदी भाषिक घरांत महिना पौर्णिमेला संपतो. आपला श्रावण वद्य त्यांचा भाद्रपद कृष्ण. शुक्ल पक्षात फरक नाही, वद्यात मात्र महिन्याचं नाव बदलतं. दोन्हीकडची सोयरीक असलेल्या घरात नोंद कोणाच्या पंचांगाने केली, हे आधी ठरवा. इसवी सन काढायला शकाच्या आकड्यात 78 मिळवा; जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला 79. शके 1840 चा माघ म्हणजे 1919 चा फेब्रुवारी.

तिथीही नसेल तर साथ, दुष्काळ विचारा. "मानमोडीत गेले" म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा. वर्ष तरी हाती लागलं.

बाळाचं नाव घेऊन जुनी वही चाळू नका

जुन्या जन्मनोंदींत नाव सहसा नसतं, कारण बारसं नंतर झालं. बापाचं नाव, गाव, मुलगा की मुलगी, एवढंच. आडनावही अनेकदा गायब. म्हणून तहसीलीत कोतवाल बुकची (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल मागताना बापाचं नाव, गाव आणि अंदाजे पाच वर्षांचा टप्पा सांगा. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' म्हणजे बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. हे शब्द कळले नाहीत तर सासरा आणि नवरा यांची अदलाबदल होते आणि वंशावळ एक पिढी सरकते.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली 1 जुलै ही जन्मतारीख खरी मानू नका. ती बरेचदा गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असते. प्रवेशाची तारीख जास्त भरवशाची.

आजच्या नकाशावर जुनं गाव शोधू नका

गडचिरोली 1982 पर्यंत चांद्यात (म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात) होतं, गोंदिया 1999 पर्यंत भंडाऱ्यात. 1953 च्या दाखल्यावर 'मध्यप्रदेश' छापलेलं पाहून "आमचं मूळ तिकडचं" असं ठरवणारे भेटतात. बाप्पा, तेव्हा नागपूरच मध्यप्रदेशची राजधानी होतं! ते 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत. शिवाय नागपूर भागात मालगुजारी, म्हणजे गावचा सारा मालगुजार भरे, तर वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला भरे. अकोल्याच्या शेतासाठी मालगुजारीचे कागद मागाल तर रिकाम्या हातानेच परताल.

14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांच्या कागदांवर धर्माचा रकाना बदलला, काहींची आडनावंही. रकाना जुळत नाही म्हणून नोंद टाकून देऊ नका. बापाचं नाव आणि गाव जुळतं का, ते बघा.

आबाजी रेल्वेत होते? कोणत्या, ते आधी विचारा. नागपुरात दोन कंपन्या होत्या. जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा) कारभार मुंबईहून चाले, बंगाल-नागपूरचा कलकत्त्याहून.

लॅमिनेशन करू नका

सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक जुन्या कागदावरून परत सुटत नाही आणि आतला कागद पिवळा पडतच राहतो. सेलोटेपही नको, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी डाग होऊन कागदात उतरतो. कागद आणि फोटो टिनाच्या छताखालच्या माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात तिथं भट्टी असते आणि पावसाळ्यात ओल. आतल्या खोलीतलं कपाट बरं.

फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा, पासपोर्टएवढा असेल तर 1200 ला. मागे बॉलपेनने लिहू नका, त्याचा दाब पुढे उमटतो. मऊ 2बी पेन्सिल घ्या, फोटो काचेवर पालथा ठेवा आणि हलक्या हाताने डावीकडून उजवीकडे नावं लिहा. पण "डावीकडून" म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडून, तेही लिहा; नाहीतर पुढची पिढी काका आणि मामा उलटे वाचेल.