‘अर्धा इंची द्या’ म्हणण्याआधी : होज आणि पाइपचं कपलिंग कसं मोजायचं

नाशिकच्या सातपूर-अंबडला फिटिंगच्या दुकानात जरा वेळ उभं राहा, कुणीतरी येतंच "अर्धा इंची कपलिंग द्या" म्हणत, आणि दुपारी तेच बदलून घ्यायला परत. दुकानदाराचा दोष नाही हो. अर्धा इंच हे नुसतं नाव झालंय. अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला वर्नियर कॅलिपर लावून बघा, बाहेरून २१.३ मिमी भरतो, मीडियम क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा, असेल तर आतून १६ च्या आसपास, आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, ते कुठेच सापडत नाही.

तर आधी हे डोक्यात पक्कं करा की कुठली वस्तू कुठून मोजतात. रबरी होज आतल्या बोअरवरून, म्हणजे भोकावरून. हवेची पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब बाहेरून, म्हणजे ८ ची ट्यूब बाहेरून ८ आणि आतून साधारण ५, पुश फिटिंग त्या बाहेरच्या मापावर बसतं. मळ्यातला पीव्हीसी आणि एचडीपीई पण बाहेरून, मिलिमीटरमध्ये, ६३, ७५, ९० असं. दोन इंची जीआय बाहेरून ६०.३ असतो, त्यामुळे ६३ च्या पीव्हीसी सॉकेटमध्ये तो खुळखुळतो, सोल्युशन कितीही ओता. तिथे आट्याचा अडाप्टरच लागतो.

जुना होज मोजताना टोकाला मोजू नका. निपल (होजच्या आत घुसणारा कपलिंगचा दांडा) बसून बसून ते टोक फुगलेलं असतं, वीतभर मागे सरळ काप मारा आणि तिथे मोजा. होजवरची छापील पट्टी पुसली गेली नसेल तर निम्मं काम तिथेच होतं. डॅश ८ लिहिलंय तर तो इंचाचा सोळावा भाग धरायचा, आठ सोळांश म्हणजे अर्धा इंच. आपल्याकडच्या सुतात सांगायचं तर चार सूत.

आता आटे. इथेच सगळी गंमत आणि इथेच पैसे जातात. मेल असेल तर आट्याचं बाहेरचं माप घ्या, फिमेल असेल तर आतलं, आणि सोबत थ्रेड गेज लावून एका इंचात किती आटे आहेत ते बघा, दोन्ही आकडे लागतात, एकाने भागत नाही. बीएसपी म्हणजे ब्रिटिश पाइप आटे, आपल्याकडे नेहमी लागतात ते. त्यांचे आकडे मी मोबाइलमध्येच सेव्ह करून ठेवलेत : पाव इंची मेल बाहेरून १३.१५ मिमी आणि १९ आटे, तीन अष्टमांश १६.६६ आणि १९, अर्धा २०.९५ आणि १४, पाऊण २६.४४ आणि १४, एक इंच ३३.२५ आणि ११. अर्धा इंची फिमेल आतून १८.६ च्या आसपास येतं. आकडा २२ आला आणि आटे बारीक दिसले तर तो बहुतेक एम २२ बाय दीड, म्हणजे मेट्रिक. १९ आला आणि इंचाला १६ आटे असतील तर पाऊण यूएनएफ (अमेरिकन बारीक आटे), जो जेआयसी या अमेरिकन हायड्रॉलिक फिटिंगमध्ये अर्ध्या इंची होजला येतो. हो, नाव पाऊण आणि होज अर्धा.

सगळ्यात फसवा प्रकार एनपीटी, म्हणजे अमेरिकन पाइप आटे. बाहेरून आलेल्या मशीनवर, काही कॉम्प्रेसरवर तो असतो. अर्धा आणि पाऊण इंचाला एनपीटीचे पण १४ च आटे, फक्त आट्याचा कोन ६० अंश आणि बीएसपीचा ५५. त्यामुळे एकात दुसरा तीन-चार फेरे छान जातो, मग आवळतो, माणूस टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्याने दाबतो आणि पाण्याला चालूनही जातं, प्रेशर आलं की घाम फुटतो त्या जॉइंटला. जबरदस्ती करावी लागली की थांबा आणि गेज लावा.

हायड्रॉलिकमध्ये आट्यांपेक्षा तोंडाच्या निमुळत्या सीटच्या कोनाकडे बघायचं, कारण सील तिथे होतं (आट्याचा कोन वेगळा). बीएसपीच्या सीटचा कोन ६० अंश, जेआयसी ३७, जर्मन डिन मेट्रिक २४. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून हा कोन कुणालाही कळत नाही, जुना पीस खिशात घालून जा आणि ज्यात तो बसतो त्या समोरच्या बाजूचं माप पण लिहून न्या. अशा जॉइंटला टेप गुंडाळू नका, उपयोग शून्य, वर तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. सरळ आट्याच्या बीएसपीला डॉटी वॉशर (रबराची कड असलेला धातूचा वॉशर), टेप फक्त टेपर, म्हणजे निमुळत्या, आट्याला.

प्रेशरचं एक लक्षात ठेवा, तोच प्रकार असला तरी बोअर वाढला की प्रेशर उतरतं. डबल वायरचा २एसएन होज पाव इंचात ४०० बार, अर्ध्यात २७५, एक इंचात १६५. सिंगल वायरचा अर्धा इंची १६०. फुटायचं प्रेशर याच्या चौपट धरलेलं असतं म्हणून "चालतंय की" असं करायचं नाही, ती चौपट झटक्यांसाठी ठेवलेली असते. आणि २७५ चा होज लावून १६० चं कपलर बसवलं तर लाइन १६० चीच.

बागायतदारांनी मटेरियल आधी ठरवावं, साइज नंतर. छाटणीनंतर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारता ना, त्यातलं मोरचूद ॲल्युमिनियमला आणि जीआयला खातं, चकचकीत ॲल्युमिनियम कॅमलॉक (खटके दाबून लागणारं कपलिंग) स्वस्त पडतो पण एका हंगामात त्याचं तोंड खरवडल्यासारखं होतं. पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) घ्या, खिशाला परवडलं तर एसएस ३१६ स्टेनलेस स्टील. कॅमलॉकमध्ये अक्षर सांगायचं : सी म्हणजे खटके असलेलं फिमेल, होजला, ई म्हणजे मेल, होजला, बी आणि डी ही खटक्याची पण आट्यांवर, ए आणि एफ मेल, आट्यांवर. आतलं गॅस्केट वेगळं विचारा, तेल-डिझेलला नायट्राइल रबर, ईपीडीएम रबर तेलात फुगतं.

दिंडोरीकडे वायनरीत काम असेल तर टीसी (ट्राय-क्लॅम्प) लागतात, तिथे एक इंच आणि दीड इंच दोन्हींच्या फेरुलचं (नळीच्या टोकाच्या रुंद कडेचं) तोंड ५०.५ मिमीच असतं, म्हणून तोंड मोजून काही कळत नाही, नळी मोजा. फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) असेल तर पीसीडी, म्हणजे बोल्टच्या होलांच्या वर्तुळाचा व्यास, घ्या, एका होलच्या डाव्या कडेपासून समोरच्या होलच्या डाव्याच कडेपर्यंत. दोन इंचाला पीएन १६ या युरोपीय फ्लँजमध्ये १२५ मिमी येतो आणि एएसए १५० या अमेरिकनमध्ये १२०.७, चार-चार होल दोघांना, दिसायला सख्खे भाऊ पण बोल्ट सरळ बसत नाहीत.

होज बसवताना छापील पट्टी सरळ राहिली पाहिजे, पट्टी पिळलेली दिसली की होज पिळलाय. लांबी जरा सैल ठेवा कारण प्रेशरला होज आखडतो, आणि अर्धा इंची वायरवाल्याला किमान १८० मिमीची त्रिज्या द्या, कपलिंगच्या तोंडाशी लगेच वळवू नका. चालू लाइनचा लीक बोटाने चाचपायचा नाही, कधीच नाही, सुईएवढ्या भोकातून तेल कातडीत घुसतं आणि वरून नुसता टोचल्याचा ठिपका दिसतो, बोट गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, ओला झाला की जागा सापडली, मग मशीन बंद करून प्रेशर उतरवा आणि तेव्हाच पाना लावा.