स्पॅनियलचं पिल्लू वाढवताना या चुका टाळा

स्पॅनियल जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं की थोड्याच दिवसांत तक्रार येते, "हे दमतच नाही हो!" मग जो तो त्याला आणखी पळवायला लागतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

ओळखीतल्या एका घरी पाच महिन्यांचा कॉकर स्पॅनियल होता. रोज संध्याकाळी तासभर चेंडू फेकायचे. पिल्लू आपणहून थांबत नाही, म्हणून त्यांना वाटायचं, झेपतंय त्याला. एके दिवशी तो पुढचा पाय टेकेना. डॉक्टरांनी पळणं पूर्ण बंद केलं. तासभराची सवय लागलेलं ते पिल्लू मग घरात सोफे कुरतडत बसलं. वाढत्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते, ती पक्की व्हायला साधारण वर्ष लागतं. तोवर पुन्हापुन्हा करकचून थांबणं, गर्रकन वळणं, उंचावरून उड्या मारणं सांध्यांना सोसत नाही.

मी त्यांना जेवणाचे दाणे गवतात विखरून द्यायला लावलं. शिकारीत झुडपांत वास काढत पक्षी उठवायचा, यासाठीच ही जात घडवलेली आहे. पंधरा मिनिटं नाक चाललं की पिल्लू गाढ झोपतं. पट्ट्यावर चालवण्यासाठी मी वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं धरते, म्हणजे चौथ्या महिन्यात वीस. हा ढोबळ अंदाज आहे. मोकळं हुंगत फिरणं त्यात मोजायचं नाही.

संध्याकाळी पिल्लू पिसाटल्यासारखं चावत सुटलं, तर बहुतेक वेळा त्याला झोप हवी असते. या वयात ती दिवसाला अठरा-वीस तास लागते.

दुसरी चूक बघून मला खरंच चीड येते: लवकर मोकळं सोडणं. चार महिन्यांचं पिल्लू मागेमागे येतं ते लहान आहे म्हणून, शिकलंय म्हणून नव्हे. सहाव्या महिन्यानंतर नाक जमिनीला लागलं की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतही नाही. मग दहादा नाव घ्यायचं, मागे धावायचं, आणि सापडल्यावर रागवायचं. यातून ते एवढंच शिकतं की परत येण्यात तोटा आहे. मी दहा मीटरचा दोर हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावते, गळपट्ट्याला कधीच नाही. हाक एकदाच. आलं की चांगला खाऊ, आणि लगेच पुन्हा हुंगायला मोकळं. फक्त घरी निघताना बोलावलं, तर हाक म्हणजे मजा संपली असंच ते समजणार. याला महिने लागतात. आठवड्यात हवं असेल, तर स्पॅनियल घेऊ नका.

लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर कडेवर न्या, पण न्याच. जग बघायचं वय वाया घालवू नका.

पोहून आल्यावर कान आतून कोरडे केले नाहीत, तर लोंबत्या कानांत संसर्ग होऊ शकतो. गवतातून आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या तपासा. कुसळ एकदा कातडीत शिरलं, की डॉक्टरांशिवाय निघत नाही.