ऑर्व्हिएतोला जाताय? ड्युओमो शेवटी ठेवा

रोमहून ट्रेनने ऑर्व्हिएतोला, टेकडीवरच्या या इटालियन गावात, एका दिवसात जाऊन येता येतं, पण बहुतेक लोक सकाळी उतरले की तडक ड्युओमोकडे, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलकडे, पळतात आणि तेव्हा त्याची पुढची भिंत सावलीत असते, फोटो एकदम काळपट येतात. ती बाजू पश्चिमेकडे आहे ना!

म्हणून उलटं करा:

१. स्टेशनच्या समोरच फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी, टेकडी चढणारी छोटी रेल्वे) आहे, ती पकडून वर जा. चढत जायच्या भानगडीत पडू नका.

२. वर उतरलात की अगदी जवळ सेंट पॅट्रिकची विहीर आहे, ती आधी उरकून घ्या कारण पाय ताजे असतात. ५० मीटरपेक्षा खोल आहे, २४८ पायऱ्या. उतरायचा जिना वेगळा आणि चढायचा वेगळा, एकमेकांभोवती गुंडाळलेले, म्हणजे पाणी आणणारी खेचरं समोरासमोर येऊन अडकायची नाहीत. पोप क्लेमेंट सातवा १५२७ मध्ये रोम लुटलं गेल्यावर इथे आला होता, त्याने बांधायला घेतलेली. मला तर ड्युओमोइतकीच आवडली.

३. मग कोर्सो काव्हूर या रस्त्याने रमतगमत चालत जा, मध्ये जेवून घ्या, आणि दुपार कलल्यावर ड्युओमोसमोर उभे राहा. ऊन सोनेरी मोझाइकवर पडलं की अख्खी भिंत पेटल्यासारखी दिसते. आत चित्रकार सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं आहेत सान ब्रीत्सिओ चॅपलमध्ये, ती चुकवू नका, मान दुखेपर्यंत वर बघा.

फक्त एक, विहिरीत खाली चांगलाच गारवा असतो, उन्हाळ्यातसुद्धा जॅकेट बॅगेत असू द्या.