रात्री १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाला दिसेल असा घर क्रमांक

आकडे किमान १० सेंटिमीटर उंच, रेघ दीड सेंटिमीटर जाड. गडद निळ्या पाटीवर पांढरं रेडियम चिकटवा. चकचकीत स्टीलचे आकडे दिवसा छान दिसतात, पण हेडलाइटच्या झोतात वाचताच येत नाहीत.

पाटी फाटकाच्या खांबावर, दीड मीटर उंचीवर लावा. फाटकाच्या झडपेवर नको. फाटक आत उघडलं की आकडा लपतो. बोगनवेल छाटत राहा.

देवनागरी ‘४’ घाईत 8 वाटतो, ‘१’ तर 9. म्हणून दोन्ही लिपींत लिहा. घर बोळात असेल तर बोळाच्या तोंडाशी बाणासह दुसरी पाटी हवीच. सोसायटीत विंगचं अक्षर रस्त्यावरून दिसावं. लिफ्टजवळचं अक्षर चालकाच्या काय कामाचं?